आधी खालून

मी घडीची करवत. उरवड्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत, दाराआडच्या खिळ्याला टांगलेली. माझ्या शेजारच्या खिळ्याला एक कोयता आहे. तो बोलत नाही. त्याला कधी बोलायची गरजच पडली नाही, त्याच्या बाजूने बोलायला अख्खी वाडी आहे. माझी बाजू मात्र मलाच मांडावी लागते, आणि ती मी मांडणार आहे. कुणाला टोचली तर टोचू दे. मला दात दिलेत ते काही हसण्यासाठी नाहीत.

आधी त्या दातांबद्दलच सांगते, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. माझे दात मुठीकडे कललेले आहेत. सुताराची करवत ढकलताना कापते, मी ओढताना कापते. ढकललं की मी वाकते, ओढलं की मी लाकडात उतरते. एवढीच माझी विद्या. पण तेवढंही कुणी विचारून घेत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. ठिणग्या आठवतात, दगडी चाकाचा घसघसाट आठवतो, मग अंधार. डोळे उघडले ते पिरंगुटच्या एका हार्डवेअरच्या दुकानात. माझ्या डावीकडे हातकात्री, उजवीकडे लॉपर, म्हणजे लांब दांड्यांची ती ऐटबाज कात्री, आणि खाली फळीवर कोयते नि कुऱ्हाडी एकावर एक रचलेल्या. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "फांद्या कापायला काहीतरी चांगलं द्या."

दुकानदार मनीषभाई विचारायचा, "फांदी केवढी जाड आहे?"

मग गिऱ्हाईक हवेत बोटांचं कडं करायचं. "एवढी. म्हणजे एवढी. नाही, एवढी असेल." ते कडं बोलता बोलता मोठं होत जायचं.

"ओली का वाळलेली?"

याला तर उत्तरच नसायचं. "तुम्ही द्या हो, जे जास्त खपतं ते."

जे जास्त खपतं ते! चप्पल घेताना माणूस पायात घालून दोन फेऱ्या मारतो. भेंडी घेताना टोक मोडून बघतो. आणि ज्या हत्याराच्या भरवशावर तो झाडावर चढणार, ते मात्र मुठीचा रंग बघून घेतो. पुढे काही विपरीत घडलं की त्याला अपघात म्हणायचं. त्या अपघातात हत्यार कुठलं होतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही, त्याची बातमी कुठे येत नाही.

म्हणून आधीच सांगून टाकते. करंगळीएवढी ओली फांदी हातकात्रीची. अंगठ्याएवढी, फार तर दोन बोटांएवढी, लॉपरची. त्यापुढची, मनगटाएवढी किंवा पोटरीएवढी, ती माझी. कुऱ्हाड आणि कोयता जमिनीवर पाय रोवून चालवायचे. एका हाताने झाडाला मिठी मारून बसलेल्या माणसाने नाही.

मला पहिल्यांदा घरी नेलं ते मारुंजीच्या कौस्तुभने. नोकरी हिंजवडीत, घर रो-हाउसमधलं, मागे टॉवेलाएवढी बाग. तिथे पूर्वी शेत होतं तेव्हाचं एक जांभळाचं झाड बिल्डरच्या तावडीतून कसंबसं वाचलेलं. त्याची एक फांदी खिडकीच्या ग्रिलला घासत होती. कौस्तुभने मला घेतलं ते तोंडी लावण्यापुरतं. त्याचा सगळा जीव लॉपरवर.

"लॉपरने होईल की," तो बायकोला, स्वरदाला म्हणाला. "रिव्ह्यू बघ ना, फोर पॉइंट सिक्स आहे."

"रिव्ह्यू फांदीने लिहिलाय का?" स्वरदा म्हणाली.

फांदी लॉपरच्या जबड्यात मावेना. कौस्तुभने त्या कात्रीला कडेकडेने चावायला लावलं. लॉपरचा दांडा वाकला. मग माझी आठवण झाली. त्याने मला उघडलं, फांदीवर ठेवलं आणि सगळा राग एकवटून पुढे ढकललं. माझं पातं कमानीसारखं वर आलं, कण्यात कळ गेली, आणि तिथे जो बाक राहिला तो कायमचा.

"क्वालिटीच नाही राहिली कशात," कौस्तुभ म्हणाला आणि मला बादलीत टाकलं.

त्या बादलीत पाणी साचलं, त्यात पानं कुजली, आणि मी गंजत पडले. ग्रिल आणि फांदी एकमेकांना घासतच राहिली.

एके दिवशी टेम्पोतून नर्सरीची रोपं आली. सोबत नर्सरीत कामाला असलेली दीपाली. कुंड्या मांडताना तिला मी दिसले.

"ताई, ही टाकून दिलीय का?"

"अगं वाकडीये ती," स्वरदा म्हणाली.

"वाकडी हाय, पण मोडली न्हाई."

"मग घेऊन जा. इथे नुसती गंजतेय."

असं माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. दीपालीने मला रॉकेलने पुसलं, पॉलिश पेपरने घासलं, बिजागरीत तेल सोडलं. बाक काही निघाला नाही, पण दात चमकायला लागले. नर्सरीत ती मला रोज चालवायची, आणि हळूहळू तिच्या हाताला माझी ओढ कळली. मला वाटलं, चला, सुटले.

पण तिनेही एक चूक केलीच. नर्सरीच्या फाटकापाशी गुलमोहर होता, त्याची रस्त्यावर आलेली फांदी काढायची होती. दीपाली शिडीवर चढली आणि मला थेट वरून लावलं. निम्म्यापर्यंत आले, तेव्हा तिला वाटलं फांदीला दोर बांधलेला बरा, म्हणून ती दोर आणायला खाली उतरली. तेवढ्यात फांदीने दम सोडला. तुटली असती तर एक वेळ परवडलं असतं. ती तुटली नाही, फाटली. खालची साल केळ्याच्या सालीसारखी बुंध्यापर्यंत सोलत आली, आणि त्या सालीला लोंबकळत फांदीचा सगळा भार उलटा बुंध्याकडे झोकांडला. शिडीच्या वरच्या पायरीवर आदळला. ती पायरी नुकतीच रिकामी झाली होती.

नर्सरीचा मुकादम भिकू धावत आला. "आधी खालनं! किती येळा सांगितलं, जाड फांदीला आधी खालनं एक काप घ्यायचा, मग वरनं! म्हंजी साल वढत न्हाई!"

दीपालीचं त्याच्या ओरडण्याकडे लक्ष नव्हतं. ती मला छातीशी धरून त्या सोललेल्या सालीकडे बघत होती.

"माझ्या आबाचं असंच झालं होतं," ती म्हणाली. "आमी समदी म्हणायचो, नशीब."

आता तिच्या आबाचं, म्हणजे तिच्या बापाचं, धाकलूचं, काय झालं होतं ते सांगते. त्यासाठी वाडीतली एक रीत सांगावी लागेल. वाडीच्या वरच्या टोकाला एक उंबर आहे. लग्न निघालं की मांडवाची पहिली मेढ, म्हणजे पहिला खांब, त्या उंबराचा. नवरीचा बाप किंवा भाऊ झाडावर चढतो, कोयत्याचा एक घाव घालून फांदी पाडतो, आणि खाली चौघे जण घोंगडी ताणून तिला वरच्या वर झेलतात. फांदी मातीला टेकता कामा नये. आणि घाव एकच.

पूर्वी मेढ असायची काठीएवढी. एका घावात पडायची. मग कुणीतरी हौसेने मनगटाएवढी पाडली. पुढच्या लग्नात दुसऱ्याने दंडाएवढी. आता मेढ पोटरीएवढी नसली तर सोयरे नाक मुरडतात. आणि पोटरीएवढी फांदी एका घावात कुणाच्या बापाच्याने पडत नाही. मग वाडीने तोड काढली. पहिला घाव मोजायचा, पुढचे मोजायचे नाहीत! मान जाडीने मोजायचा, घाव डोळे झाकून घालायचे, आणि वर म्हणायचं, वाडवडिलांची रीत आहे. वाडवडिलांची रीत काठीएवढ्या फांदीची होती. पोटरीएवढी फांदी यांची स्वतःची आहे.

मोठ्या मुलीच्या लग्नाला धाकलू स्वतः चढला होता. फांदी अर्धवट तुटली, सालीला लोंबकळून फिरली आणि तिच्या बुडख्याने त्याला उजव्या खांद्यावर उडवून दिलं. तो खाली आला. लग्न झालं, कारण लग्न थांबवता येत नाही. पण तेव्हापासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर उचलत नाही. भाकरी मोडता येते, तंबाखू मळता येते, डोक्याला टॉवेल बांधायला बायको लागते.

आणि आता दीपालीचं लग्न ठरलं होतं. झाडावर चढणार होता तिचा थोरला भाऊ तानाजी. तो टेम्पो चालवतो, अंगाने दणकट, स्वभावाने हसरा, आणि धोक्याची त्याला काडीची कल्पना नाही.

गुलमोहर कसा फाटला ते दीपाली विसरली नव्हती. मला पिशवीत घालून ती वाडीत घेऊन आली. वाटेत उंबरापाशी थांबली. तेव्हा मी ते झाड पहिल्यांदा पाहिलं, आणि माझ्या दातांवर काटा आला. प्रत्येक लग्नाचा एक खुंट. फाटलेला, काळा पडलेला, आत भुसा, भुशात मुंगळे. ज्या झाडाच्या फांदीखाली ही माणसं सुखाचा संसार मागतात, त्या झाडाची ही दशा.

जेवणं झाल्यावर तिने विषय काढला.

"आबा, या बारीला मेढ करवतीनं कापू."

तंबाखू मळणारा धाकलूचा अंगठा थांबला. "करवतीनं?"

"व्हय."

"करवत रडत कापती, पोरी. तिचा आवाज ऐकलाय न्हवं? रडत आणलेली मेढ दारात कोण लावतं?"

मी रडत नाही! हे कुणी तरी एकदा लिहून ठेवा. लाकूड कापताना माझा आवाज होतो, तसा पीठ दळताना जात्याचाही होतो. जात्यावर बसून तुम्ही ओव्या म्हणता, आणि मी मात्र रडवी!

"आन मागच्या येळी कोण रडलं व्हतं?" दीपाली म्हणाली. "आयेला इचारा."

तिची आई पारू भांडी आवरत होती. "मला मदी घेऊ नका. मी तवाच रडून घेतलंय, आता शिल्लक न्हाई."

तानाजी हसला. "अगं, मी काय म्हातारा हाय व्हय पडायला?"

"आबा तवा म्हातारं व्हतं का, दादा?"

तानाजीचं हसू गेलं. धाकलूने तंबाखू तशीच फेकून दिली.

"सोयरं काय म्हणतील?" तो म्हणाला. "धाकलूचा पोरगा झाडावर बसून वखारीवानी रेटत बसला? एक मी पडलो, तेवढं हसं पुरं न्हाई झालं? या बारीला माझ्या कोयत्यानं, माझ्या पोराच्या हातानं, एका घावात मेढ पडंल. मग माझं तोंड वर व्हईल."

"दादा पडला तर मी मांडवात उभी न्हाई राह्यची," दीपाली म्हणाली. "आत्ताच सांगून ठिवते."

"अभद्र बोलू नगं!"

"मी बोलतीया म्हणून अभद्र. आन तुमी त्याला वर चढवताय त्ये?"

पण बापाचा शब्द तो शब्द. दुसऱ्या दिवशी धाकलू अंगणात बसून डाव्या हाताने कोयत्याला धार लावत होता. दगडावर तो घासला जात होता आणि मी पिशवीत पडून ऐकत होते. मला त्या कोयत्याचा राग नव्हता. त्याचा त्यात दोष काय? ऊस तोडायला, काटे साफ करायला, बांबू सोलायला त्याच्यासारखा गडी नाही. त्याला नको त्या कामावर पाठवणारी माणसं, माझं भांडण त्यांच्याशी आहे.

मेढ आणायचा दिवस उजाडला. हलगीवाला पुढे, मागे पुरुष माणसं, त्यांच्या मागे बायका. घोंगडीची चार टोकं चौघांच्या खांद्यावर. उंबराजवळ पोहोचेपर्यंत दीपालीने मला घडी करून ओढणीखाली धरलं होतं. तानाजी चप्पल काढायला वाकला, तशी तिने मला त्याच्या हातात कोंबलं.

"ही मागच्या खिशात घाल."

"कशाला?"

"घाल म्हणते ना."

"बरं बाई. नवरी हाएस म्हणून ऐकतो."

मी त्याच्या पँटच्या खिशात गेले. बापाला दिसू नये म्हणून त्याने वरून शर्ट ओढला. मग तो चढायला लागला आणि मी प्रत्येक पावलाला जीव मुठीत धरून बसले. मूठ माझीच, जीव त्याचा.

बेचक्यात बसून त्याने डाव्या हाताने बुंध्याला मिठी मारली. निवडलेली फांदी चांगली पोटरीएवढी होती. आणि ती निघत होती धाकलूच्या खुंटाशेजारून. खुंट आतून कुजलेला होता, आणि ती कूज फांदीच्या बुडात शिरलेली होती. तानाजीने कोयत्याच्या मागच्या बाजूने फांदीवर टकटक केलं. आवाज पोकळ आला. मला तो कळला. त्याला कळला नाही. खाली हलगी वाजत होती.

पहिला घाव बसला. खालून आरोळी उठली, "झाला! एक झाला!"

मग न मोजायचे घाव सुरू झाले. ढलप्या उडाल्या. उंबराचा पांढरा चीक कोयत्यावरून त्याच्या मनगटावर ओघळला. फांदी वाकली, पण पडली नाही. तिच्या बुडातून कर्रर्र आवाज निघाला आणि एक भेग उघडली. ती बाहेर जात नव्हती. आत, बुंध्याकडे, बेचक्याकडे येत होती. तानाजी जिथे बसला होता तिथे.

त्याने आणखी एक घाव घातला. कोयता लाकडात रुतला. एका हाताने तो निघेना. दुसरा हात सोडला तर स्वतःचा तोल जाणार! तो तसाच थिजला.

"वढ! वढ की!" खालून कुणी तरी ओरडलं.

"अजून एक घाल, सुटंल!"

"पाय दे त्याच्यावर, पाय!"

सल्ला देणारे सगळे जमिनीवर होते, हे लक्षात घ्या.

मला धाकलू दिसत नव्हता, पण ऐकू आला. त्याचा आवाज इतका बदलला होता की हलगी आपोआप थांबली.

"तान्या, कोयता सोड! हात लावू नगं त्याला! हलू नगं!" मग दम खाऊन, "वर दुसरं काय हाय का तुज्याजवळ?"

"करवत हाय!" दीपाली ओरडली. "त्याच्या खिशात हाय!"

बाप लेकीकडे बघत असणार. पण रागवायला तेव्हा वेळ नव्हता.

"काढ ती! घावाच्या फुडं, हात पोचंल तितं लाव. खालनं! आधी खालनं, तान्या! वरनं लावशील तर तुज्याच छातीवर यील!"

हे धाकलूला कुणी शिकवलं नव्हतं. नर्सरीत तो कधी गेला नव्हता. पण खांदा बांधून पडून असताना ती लोंबणारी साल त्याने मनात किती वेळा पाहिली असेल, ती खालून तुटलेली असती तर, असं किती वेळा घोकलं असेल, ते त्याचं त्यालाच माहीत. नशीब नशीब म्हणत होता तो, पण आतून त्यालाही ठाऊक होतं.

तानाजीने मला बाहेर काढलं. स्वतःच्या दातांनी धरून उघडलं. हात लांबवून मला फांदीच्या पोटाला लावलं. खालून वर कापणं अवघड. हाताला जोर मिळत नाही, भुसा डोळ्यांत पडतो. आणि त्याने घाबरून नेमकं तेच केलं. मला ढकललं.

माझा जुना बाक कडकन वाजला. एक दात गेला. मला वाटलं, संपलं. मारुंजीत कौस्तुभने ढकललं, हा शेवट तिथूनच निघाला होता.

"वढताना काप, दादा!" दीपालीचा आवाज फाटला होता. "ढकलू नगं! आपल्याकडं वढ, सावकाश!"

त्याने ओढलं. मी लाकडात शिरले. पुन्हा ओढलं. चीक माझ्या दातांत भरत होता, मी जड होत होते, प्रत्येक ओढीला कमी चावत होते. भेग कुरकुरत होती. फांदी तसूभर खाली बसली आणि तिने मला दोन्ही बाजूंनी दाबून धरलं.

"जड जातीया का?" खालून दीपाली.

"व्हय!"

"मग बास! काढ भाईर! आता वरनं, थोडं फुडं!"

त्याने मला हळूच हिसकून मोकळं केलं, पँटला पुसलं आणि वरून लावलं. आता फांदीचं वजन माझ्या बाजूने होतं. ती खाली ओढत होती तसा काप आपोआप उघडत होता. मी उतरत गेले. मग एक कोरडा आवाज आला, खटकन, आणि फांदी सुटली. साल ओढली गेली नाही. काही फिरून आलं नाही. उरलेला बुडखा भार हलका झाल्यामुळे किंचित वर उचलला गेला आणि रुतलेला कोयता त्यात तसाच राहिला.

आणि घोंगडी? झेलणारे चौघे वर बघत राहिले होते. पानांसकट फांदीचं ओझं आलं, एकाच्या हातून टोक सुटलं, आणि मेढ धाडदिशी मातीत पडली.

हलगीवाल्याने हलगी काखेत धरली. सगळे धाकलूकडे बघायला लागले. मातीला टेकलेली मेढ. असं वाडीत कधी झालं नव्हतं. कुणी तरी "आरारारा" म्हणालं.

तेव्हा पारू पुढे आली. पदर खोचला.

"फांदी पडली," ती म्हणाली. "पोरगं न्हाई पडलं. उचला."

आणि उचलली.

तानाजी खाली उतरला. दीपालीने त्याच्या पाठीत दोन बुक्क्या घातल्या आणि मग तिथेच तोंड झाकून बसली.

"आता तरी उभी राहशील ना मांडवात?" तो म्हणाला.

"गप," ती म्हणाली.

लग्नात सोयऱ्यांनी मेढ पाहिली. जाडी पाहिली, मग कापलेलं तोंड पाहिलं. नवऱ्याचा चुलता त्यावरून बोट फिरवत म्हणाला, "लई साफ पडलीया. एका घावात?"

मांडवातल्या वाडीकरांनी माना खाली घातल्या. धाकलूने चुलत्याकडे सरळ बघितलं.

"न्हाई," तो म्हणाला. "लई घाव घातले. समदे मोजले."

दीपाली सासरी गेली. जाताना मला पिशवीत घालायला पारू विसरली नव्हती, पण दीपालीने काढून ठेवलं. "ही हितंच राहू दे. झाड हितं हाय."

त्यानंतर एका सकाळी धाकलूने तानाजीला उंबराला शिडी लावायला सांगितली. तानाजीने आधी रुतलेला कोयता सोडवला. मग तो फाटका बुडखा माझ्याकडून साफ काढून घेतला. फांदी बुंध्यातून निघते तिथे सुरकुत्यांची एक फुगीर कड असते, तिच्या बाहेरून. ना खुंट लांब ठेवला, ना कडेला दुखवलं. मग धाकलू म्हणाला, "सर, मला यिऊ दे."

"आबा, तुमी?"

"शिडी धर घट. लई शानपणा नगं."

एका हाताने शिडी धरत तो सावकाश वर चढला. त्याचा खुंट, त्याच्या पडण्याचा खुंट, आता हाताला येत होता. त्याने मला डाव्या हातात घेतलं. त्या हाताला सवय नव्हती. मी इकडे तिकडे घसरले. पण त्याने ढकललं नाही. ओढत राहिला, थांबत राहिला. कुजका भाग भुसा होऊन गळाला आणि आत थोडं पांढरं, जिवंत लाकूड दिसलं.

"रडतीया का गं ही?" त्याने खाली उभ्या असलेल्या बायकोला विचारलं.

पारूने कान दिला. "न्हाई," ती म्हणाली. "घोरतीया. तुमच्यावानी."

तानाजी इतका हसला की शिडी हलली आणि दोघांनी त्याला शिव्या घातल्या.

म्हणजे सगळं मार्गी लागलं, असं समजू नका. माझा एक दात गेलेला आहे, कण्यातला बाक वाढलेला आहे, आणि पुढच्या एखाद्या चुकीच्या ढकलीत मी मोडणार हे मला माहीत आहे. कोयत्याने उघडलेली भेग बुंध्यात वीतभर उतरलेली आहे. ती भरून येईल की नाही, कुणी सांगू शकत नाही. वारा सुटला की दाराआड टांगलेली मी उंबराच्या दिशेने कान लावून असते. पानं सळसळतात तोवर ठीक. कर्रर्र आवाज आला तर?

आणि वाडीत पुन्हा एक लग्न निघालंय. आज नवरीचा भाऊ आला होता. दारातच उभा राहून म्हणाला, "धाकलूकाका, कोयता द्या. तुमच्या कोयत्याला धार हाय."

"फांदी बघितलीस?"

"बघितली की." त्याने हवेत दोन्ही हातांचं कडं केलं. ते कडं बोलता बोलता मोठं होत गेलं.

धाकलू उठला. दाराआड आला. दोन्ही खिळ्यांकडे बघितलं. मग त्याने डाव्या हाताने कोयता काढला आणि त्याच्यावर मला ठेवलं.

"दोनी ने. रीत म्हणून पयला घाव त्याचा. बाकी समदं हिचं. आन काठीएवढी फांदी बघ, बैलाएवढी नगं. तुजी भन मांडवात उभी राह्यची हाय."

"करवतीनं?" तो पोरगा हसला. "बघू."

बघू! हा शब्द मी पिरंगुटच्या दुकानापासून ऐकत आलेय. आता मी त्याच्या हातात आहे आणि तो उंबराची वाट चढतोय. मला तुमच्याशी आणखी बोलायला सवड नाही. तुमच्या अंगणात, बागेत, फाटकावर एखादी जाड फांदी असेल, तर एवढं करा. आधी फांदीकडे बघा, मग हातातल्या हत्याराकडे, मग आपण कुठे उभे आहोत त्याकडे. आणि ज्याला वर चढवताय, त्याची वाट बघणारं खाली कोण उभं आहे, तेही बघा.

हा पोरगा चप्पल काढतोय. मला अजून त्याने उघडलेलं नाही. अरे, चढायच्या आधी एकदा विचार तरी. मी दुसरं काही सांगणार नाही.

आधी खालून, बाबा. आधी खालून.